लोखंड कोणासाठी?

दिवाळी सरली, तुळशीची लग्ने लागली, की आमच्याकडे माणसांची लग्ने सुरू होतात. आणि माणसांची लग्ने सुरू झाली, की घोड्यांचे हाल सुरू होतात. सणाच्या अंकात असे वाक्य लिहिताना मला संकोच वाटत नाही असे नाही. फराळाचे ताट पुढे असताना कोणी दुखणे काढू नये, हा आपला शिष्टाचार आहे. परंतु ज्याचे दुखणे मी काढणार आहे त्याला वाचा नाही; शिवाय त्याचे दुखणे नेमके तोंडातच आहे. तेव्हा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी बोलणे भाग आहे.

प्रथम माझ्याच घरचा गुन्हा सांगतो, म्हणजे हा मास्तर नुसता उपदेश करायला उभा राहिला आहे असे कोणाला वाटायला नको. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचे लग्न झाले. घोडा ठरविण्याचे काम मामा म्हणून माझ्याकडे आले. घोडेवाल्याच्या हातावर विसार ठेवताना मी त्याला एकच प्रश्न विचारला, "नाचतो ना चांगला?" तो म्हणाला, "गुर्जी, बघतच ऱ्हावा." आणि खरोखरच लोक बघत राहिले. पांढराशुभ्र घोडा, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगरांची माळ. हलगी कडाडली की मान कमानीसारखी वाकवून तो एकेक पाय उचलू लागे. तोंडातून फेस गळत होता. "काय तेज आहे!" असे माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, आणि मीही मान डोलावली.

रात्री वरात आटोपल्यावर उरलेले पैसे द्यायला मी मांडवामागे गेलो. घोडेवाला लगाम उतरवून बादलीत धूत होता. बादलीतले पाणी तांबूस झाले होते. मी ते कडियाळे हातात घेतले. जिभेवर बसेल अशा ठिकाणी त्याला बोथट खिळ्यांसारखे काटे होते. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "त्याबिगर नाचत न्हाई, गुर्जी. अन् नाचला न्हाई, तर तुमचीच माणसं पैसं कापत्यात."

तुमचीच माणसं! त्याने खोटे काय सांगितले? नाच मी मागितला होता, विसार मी दिला होता. लोखंड त्याच्या हातात होते इतकेच. त्याची किंमत माझ्या खिशातून गेली होती.

मी पशुवैद्य नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण घोड्याचे तोंड समजायला पदवी लागत नाही. एखाद्या शांत घोड्याचा ओठ हलकेच बाजूला केला तरी पुरते. पुढचे कातरदात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर रिकामी जागा असते. कडियाळे बसते ते तिथे आणि जिभेवर. त्या रिकाम्या जागेत मांस नाही, गादी नाही. हिरडीचे पातळ कातडे आणि त्याखाली हाडाची कड, बस्स. आपल्या नडगीवर खाटेचा पाय आपटला म्हणजे जे होते ते आठवावे. निसर्गाने ती जागा लगामासाठीच मोकळी ठेवली आहे, असे काही घोडेस्वार मोठ्या खुशीने सांगतात. मग माणसाची मान निसर्गाने फासासाठी निमुळती ठेवली, असेही म्हणायला हरकत नाही! आणि तो फेस? तोंडात सतत टोचणारी वस्तू असली म्हणजे लाळ सुटते, ती गिळता येत नाही आणि बाहेर गळते. आम्ही त्याला तेज म्हणतो.

हे सारे कायद्याला ठाऊक नाही असे समजू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत जनावराला आवरण्यासाठी काटेरी काठी, काटेरी कडियाळे, खिळे किंवा गाठी असलेला साज वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणजे माझा जन्म होण्याच्या आधीपासून ही बंदी आहे. मग ती दिसत का नाही? एक कारण दंडाच्या आकड्यात सापडते. १९६० च्या कायद्याने पहिल्या अपराधाला दंड ठरविला तो कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५०! एखाद्या वरातीत नवरदेवावरून ओवाळलेल्या नोटा याहून अधिक पायदळी जातात. कायदा कागदावर आहे, काटा तोंडात आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

खरी गोम मात्र कायद्यात नाही. ती आपल्या मनात आहे. आपली भाषाच ऐका. जिभेला लगाम घालावा, खर्चाला लगाम घालावा, पोराला वेळीच लगाम घालावा. ज्याला लगाम नाही तो बेलगाम, म्हणजे वाया गेलेला. लगाम हे आपल्या भाषेत सद्गुणाचे नाव होऊन बसले आहे. ज्याच्या तोंडात तो प्रत्यक्ष असतो त्याला कोणी विचारले आहे का? वर्गात पोरांना हे वाक्प्रचार मी वीस वर्षे शिकविले आणि वाक्यात उपयोग करून घेतले. एकदाही माझ्या मनात आले नाही की लगाम ही आधी एक वस्तू आहे, आणि ती दुखते.

त्या लग्नानंतर मी जाणत्यांना विचारीत सुटलो, की लोखंडावाचून घोडा चालत नाही काय? सर्वांनी हसून सांगितले, "मास्तर, कादंबरी लिहा." उत्तर मिळाले ते माझ्याच गावच्या बांधावर.

आमचे निमोणे शिरूर तालुक्यात. शिरूरला म्हातारी माणसे अजून घोडनदीच म्हणतात, कारण ज्या नदीकाठी ते गाव आहे तिचे नावच घोड. इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी ठेवली होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला त्यांची तुकडी आणि तिच्याबरोबरचे स्वार निघाले ते याच शिरूरहून. त्याच्याही आधी भीमेच्या खोऱ्यातले तट्टू मराठी फौजांत नावाजलेले होते. अंगाने लहान, पोटाला कमी, चालायला चिवट. त्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद आता कुठे अलीकडे झाली आहे. पण फौजा गेल्या तरी तट्टू संपले नव्हते. ते धनगरांनी जगविले.

पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन धनगरांचे वाडे चाऱ्याच्या शोधात निघतात. आमच्या शिवारातूनही जातात. पुढे मेंढ्या, मागे तट्टू. तट्टावर वाघर, भांडी, कोंबड्यांची डालगी, आणि सगळ्यांच्या वर बांधलेले तान्हे मूल. त्या तट्टाच्या तोंडात काय असते? काही नसते. एक दोरीची म्होरकी नाकावरून गेलेली आणि तिचा एक शेव बाईच्या हातात. गेल्या खेपेस एका बाईला मी मुद्दाम थांबवून विचारले, "मावशी, लगाम नाही लावत?" ती म्हणाली, "कशापायी? त्याला काय लढाईला न्यायाचंय? लेकरू हाय वर. तोंडात टोचलं अन् बुजलं म्हंजी?"

वाचकहो, सबंध शास्त्र या एका वाक्यात आले आहे. आम्ही समजतो की लोखंड असेल तर घोडा आवरेल. ती बाई समजते की टोचले तर घोडा बुजेल. घोडा हा मुळात पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. वाघाशी तो झुंजत नाही, पळतो. दुखले की पळावे, हे त्याच्या रक्तात आहे. त्या दुखण्याचाच दोर करून आपण त्याला थांबवू पाहतो. बिथरलेल्या घोड्याला माणसाच्या मनगटाच्या बळावर कोणी थांबविले आहे?

पुढे थोडे वाचले तेव्हा कळले की हाच विचार अमेरिकेत डॉ. रॉबर्ट कुक नावाच्या पशुवैद्याने केला होता. टफ्ट्स विद्यापीठात ते प्राध्यापक होते. घोड्यांचे जबडे तपासून, कडियाळ्याच्या जागी हाडावर गाठी आणि झीज आढळते, असे त्यांनी मांडले आणि लोखंडाशिवायच्या लगामाचा पुरस्कार केला. ते स्वतः तो लगाम विकत, म्हणून त्यांच्या शब्दावर किती विसंबावे असे विचारणारेही आहेत. प्रश्न रास्त आहे. तो मलाही विचारता येईल, कारण पुढे मीही विकायला बसलो! म्हणून मी म्हणतो, कुकसाहेबांवरही विसंबू नका आणि माझ्यावरही नको. धनगराचे तट्टू बघा. त्याला कुणाचा माल खपवायचा नाही.

आमच्या भागात चामड्याचे काम करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्याकडे मी कुकसाहेबांच्या लगामाचे चित्र आणि धनगराची म्होरकी, दोन्ही घेऊन गेलो. रचना अशी : नाकावरून एक रुंद पट्टी, तिच्या दोन टोकांना पितळी कड्या. कानामागून दोन वाद्या निघतात, दोन्ही गालांवरून उतरून हनुवटीच्या मागे एकमेकींना छेदतात, आणि समोरच्या बाजूच्या कडीतून ओवून स्वाराच्या हातात येतात. डावा लगाम ओढला की उजव्या गालावर वादी दाबली जाते आणि घोडा डावीकडे वळतो. दोन्ही ओढले की सगळे डोके मिठीत धरल्यासारखे होते. तोंड मोकळे. दादांनी आरीने पहिले भोक पाडण्यापूर्वी तासभर कातडे तेल लावून मळले. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "गुर्जी, वादी मऊ पडली पायजे. न्हाईतर त्यापरीस लोखंड परवडलं." नाकपट्टीला आतून त्यांनी जुन्या सुती लुगड्याची घडी शिवली.

अशा अकरा म्होरक्या घेऊन आम्ही बाजाराला गेलो. महाराष्ट्रात घोड्यांचे मोठे बाजार आहेत. सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा, माळेगावचा खंडोबाच्या जत्रेतला, अकलूजचा. त्यांपैकी एका बाजारात तीन दिवस आम्ही पथारी टाकून बसलो. पहिला माणूस म्हणाला, "हे म्हशीचं दावं हितं कशाला मांडलंय?" दुसऱ्याने सगळे उलटसुलट पाहिले आणि विचारले, "लगाम कुठाय?" तिसरा म्हणाला, "असली विलायती फॅडं आपल्याकडं चालायची न्हाईत." चौथ्याने मात्र आशेने विचारले, "विलायती हाय का?" दादा म्हणाले, "न्हाई, निमोण्याचं." तो लगेच म्हणाला, "मग एवढी किंमत कशी?" विलायती म्हणून नको आणि विलायती नाही म्हणूनही नको! तीन दिवसांत चार खपल्या. त्यांतली एक एका गृहस्थांनी भिंतीला टांगायला घेतली.

पण एका तरुणाने आमच्यासमोर आपल्या घोडीवर ती चढविली. बंदिस्त जागेत चार फेऱ्या मारल्या, वळविली, थांबविली. खाली उतरून म्हणाला, "चालतीय की!" मग क्षणभर थांबून त्याने म्होरकी परत केली. "पन गिऱ्हाईक काय म्हनंल? तोंडात काय न्हाई म्हंजी गरीब घोडं वाटतं. रुबाब न्हाई."

रुबाब! म्हणजे लोखंड घोड्यासाठी नाही, रस्त्यासाठीही नाही. ते बघणाऱ्यासाठी आहे. आता जरा हिशेब करू. वरातीत घोडा हाकतो कोण? नवरदेवाच्या एका हातात कट्यार आणि दुसऱ्या हातात शेला. त्याला लगाम कशाशी खातात हे माहीत नसते. घोड्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसे धरून चालतात. माथेरानला, महाबळेश्वरला, पाचगणीला आपण सुटीत मुलांना घोड्यावर बसवितो. तिथेही बहुधा घोडेवाला पुढे दोर धरून चालतो. मुलाच्या हातात लगाम असतो तो केवळ फोटोपुरता. आणि ते मूल, तोल गेला की काय करते? दोन्ही हातांनी लगाम ओढते. त्या बिचाऱ्याला कळत नाही की आपला सगळा तोल आपण दुसऱ्याच्या जिभेवर सावरतो आहोत. जिथे जमिनीवर माणूस आहे तिथे तोंडात लोखंड कशाला? त्याला काम काहीच नाही. दुखविणे एवढेच काम.

आता आक्षेप. पहिला असा, की गर्दीत घोडा बिथरला तर? उत्तर वर दिले आहे. कानाशी फटाके फोडू नयेत आणि तोंडात काटे घालू नयेत, म्हणजे बिथरण्याची निम्मी कारणे जातात. शिवाय लोखंडाशिवाय घोडे लढाईतही गेले आहेत. हॅनिबॉलच्या फौजेतले न्युमिडियाचे स्वार घोड्याच्या तोंडात काही न घालता दौडत, आणि इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणात ते रोमच्या दोस्तांच्या स्वारांसमोर उभे होते. त्यांचे घोडे ऐकत, मग आमच्या आळीत का ऐकू नयेत?

दुसरा आक्षेप गावातलाच आहे : "मास्तर, बैलाच्या नाकातली वेसण चालते, आणि घोड्याचा कळवळा?" प्रश्न माझ्या वर्मी लागतो. वेसणीला कायद्यानेच ठरावीक रीतीने वाट ठेवली आहे, हे खरे. पण कायद्याने वाट ठेवली म्हणून माझे मन स्वच्छ झाले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो, की एका जनावराचे दुखणे दुसऱ्याच्या दुखण्याचे समर्थन होत नाही.

तिसरा आक्षेप शर्यतीचा. आमच्या बाजूच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, हे शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. २०१४ साली बंद झालेल्या या शर्यती आता अटींसह पुन्हा चालतात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला. घाटात भरधाव सुटलेली ती घोडी शेवटी गर्दीपुढे आवरावी लागते. तिथे माझीच म्होरकी वापरा, असा हट्ट मी धरीत नाही. ती वापरायला आधी घोडीला आणि स्वाराला, दोघांनाही शिकावे लागते. तोवर कडियाळे गुळगुळीत असावे आणि हात हलका असावा, इतके मागितले तरी पुष्कळ झाले.

आणि म्होरकी म्हणजे सगळे गोड, असेही नाही. नाकपट्टी खाली सरकली आणि मऊ कूर्चेवर बसली तर श्वास कोंडतो. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. म्हणून पट्टीखाली हाड लागले पाहिजे आणि दोन बोटे आत शिरली पाहिजेत. कातडे कडक असेल तर गाल सोलतो. लोखंडाची लांब दांडी लावून नाक चिमटणारे लगामही 'बिनकडियाळ्याचे' म्हणून विकले जातात. ते दुखणे तोंडातून काढून नाकावर ठेवतात. नाव बदलले म्हणजे जाच संपत नाही. मोजमापे मी कोणालाही फुकट देईन. आमच्या दादांकडून घ्या, तुमच्या गावच्या कारागिराकडून शिवून घ्या, नाही तर दोरीची वळा. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

घोडेवाल्यावर मात्र दात खाऊ नका. लग्नसराईचे चार महिने त्याच्या घराचा खर्च चालतो आणि उरलेले आठ महिने घोडा त्याला खातो. तो विकतो तेच, जे आपण मागतो. आपण नाच मागितला, त्याने काटा आणला. उद्या आपण मोकळे तोंड मागितले, तर परवा तो म्होरकी आणील. चार बाजारांत आम्हाला जे जमणार नाही ते त्याच्या चार गिऱ्हाइकांना एका दिवसात जमेल.

म्हणून या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि विशेषतः माझ्यासारख्या मामालोकांना माझे एवढेच मागणे आहे. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण पैसे मोजून आणलेल्या घोड्याचे तोंड तरी बघा! विसार देण्यापूर्वी लगाम हातात घ्या, आतून बोट फिरवा. काटा लागला तर विसार खिशात ठेवा आणि सांगा, "हे काढ, म्हणजे तुला ठरल्यापेक्षा शंभर जास्त." नाच नको, चाल पुरे, असे आधीच बोला. घोडा नाचला नाही म्हणून कोणाचे लग्न मोडल्याचे मी तरी ऐकले नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचे लग्न आहे. मामा म्हणून घोडा मीच ठरविला. त्याच घोडेवाल्याचा, तोच पांढरा. या वेळी लगाम आमच्या घरून जाणार आहे. परवा घोडेवाला म्होरकी बघायला आला, लुगड्याच्या घडीवरून हात फिरवीत बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला, "गुर्जी, नाचला न्हाई तर मग पैसं कापू नगा."

मी सगळे पैसे त्याला आगाऊच देऊन टाकले.